हरकत असेल त्यानं उभं राहावं

अनू, मागच्या आठवड्यात तुझ्या भावाचा मला फोन आला. माधवचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "ताई, मी माधव बोलून राहिलो. गुरुवारी आपल्या गावात चावडीवाचन हाय. अनूचं नाव कमी करायची नोंद वाचनार हायेत. तुमी या." एवढं बोलून त्यानं फोन ठेवून दिला. मी लातूरच्या माझ्या स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभी, आणि गॅसवरचं वरण खाली लागलं. तू गेल्यापासून मी रोज काहीतरी करपवतेच आहे, पण त्या दिवशीचं तुझ्या भावाच्या नावावर घाल.

तू गेलीस तेव्हा पेपरात पुष्कळ छापून आलं. मजुरी करणाऱ्या शेतकऱ्याची लेक, भोकरला तलाठी म्हणून लागली, परीक्षा देत देत वर चढली आणि शेवटी मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची विभागीय आयुक्त झाली. फोटोही चांगला छापला होता. सगळं खरं होतं, आणि तरी मला त्यात तू कुठं सापडली नाहीस. त्यांना काय माहीत की तू चहातला गूळ विरघळायची वाट न बघता चहा पिऊन टाकायचीस आणि मग तळाचा गूळ बोटानं चाटत बसायचीस? आठ जिल्ह्यांचे कलेक्टर समोर बसलेले असताना ते बोट कसं आवरायचीस, हे मला विचारायचं राहूनच गेलं.

भोकरला आमच्या घराच्या वरच्या खोलीत तू भाडेकरू म्हणून आलीस तेव्हा खांद्याला शबनम पिशवी, हातात एक ट्रंक आणि काखेत पितळी तांब्या. अब्बा शिलाई मशीनवर होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "कौन?" तू म्हणालीस, "तलाठी." अम्मीला हसू आवरेना. तेव्हा तलाठी म्हटलं की झुबकेदार मिशा आणि पान खाल्लेलं तोंड एवढंच डोळ्यांपुढं यायचं. त्या दिवसापासून तिनं तुझं नाव ठेवलं सरकार. मी आणि माझा भाऊ सलीम अंगणात भांडायला लागलो की ती ओरडायची, "उप्पर सरकार रैती, गडबड नक्को करो!" आणि संध्याकाळी तू जिना चढायला लागलीस की हमखास, "सरकार, खाना खाको जाव."

तू सगळं मोठ्यानं वाचायचीस. पेपर, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, माझ्या डी.एड.च्या वह्या. मी वैतागून म्हणायची, "मनात वाच की गं." तू म्हणायचीस, "मनात वाचलेलं एकट्याचं ऱ्हातं. मोठ्यानं वाचलेलं समद्याचं होतं." तेव्हा मला वाटायचं, खेड्यातल्या शाळेची सवय आहे, जाईल हळूहळू. कसली जातेय!

एकदा तू मला तुझ्या सज्जातल्या, म्हणजे तुझ्या हद्दीतल्या एका गावी चावडीवाचनाला घेऊन गेलीस. कोणाच्या शेतावर कोणाचं नाव आहे, कुठली नोंद नवी चढली, कुणाचं नाव कमी झालं, हे तलाठ्यानं गावापुढं मोठ्यानं वाचायचं आणि हरकत विचारायची. रीत जुनीच, पण बऱ्याच ठिकाणी ती टपरीवर चहा पिता पिता उरकली जायची. तू मात्र मारुतीच्या पारासमोर सतरंजी अंथरायला लावलीस. पुरुष पुढं बसले, बाया भिंतीआड. तू वाचायलाच सुरुवात करेनास. सरपंच म्हणाले, "बाई, करा की चालू." तू म्हणालीस, "बायायला ऐकू येत न्हाई तितून. पुढं बसवा." बराच वेळ कोणी हललं नाही. तूही हलली नाहीस. शेवटी बाया पुढं आल्या, पदर सावरत, एकमेकींना ढकलत.

मग तू एकेक नोंद वाचलीस. प्रत्येक नोंदीनंतर "हरकत असेल त्यानं उभं राहावं" म्हणायचीस आणि तांब्या तोंडाला लावून सावकाश पाणी प्यायचीस. घोट घोट करून. मला वाटलं, बाईला किती ती तहान! एका नोंदीला तू अशीच पाणी पीत होतीस आणि मागून एक म्हातारी उठली. पारूबाई. "माझ्या बापाच्या रानातलं माझं नाव कुठं गेलं, माय?" तिच्या भावांनी भाच्याच्या लग्नाच्या गडबडीत तिचा अंगठा घेतला होता. हक्कसोडीचा कागद. तिला सांगितलं होतं, आहेराची नोंद आहे. भाऊ तिथंच बसले होते, माना खाली घालून.

येताना एसटीत मी तुला पाण्याचं विचारलं. तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, "आपन विचारतो अन् लगेच पुढं जातो, नसीम. लाजाळू मानसाला उठायला तांब्याभर पानी लागतं." पारूबाईची नोंद तू रद्द करू शकली नाहीस, तेवढा अधिकार तुझा नव्हता. तू तिला वरच्या अर्जाची वाट दाखवलीस. अधिकार वाढवायचा असेल तर परीक्षा द्यायला लागते, असं अम्मीला सांगून तू अभ्यासाला बसलीस ती त्यानंतरच. लोक विचारतात, ही बाई एवढी वर कशी चढली? मला विचारलं तर मी पारूबाईचं नाव सांगेन.

आता माझ्या निकाहचं. ते मी मेले तरी विसरणार नाही. वऱ्हाड लातूरहून आलेलं, बिर्याणीची हंडी उतरलेली, आणि काझीसाहेब सहीसाठी कागद आत पाठवतात. मी पेन उचललं, तेवढ्यात तू माझा हात धरलास. "वाचलं का?" मी म्हटलं, अगं, उर्दूत आहे. "मंग कुनीतरी मोठ्यानं वाचा." तुला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं! बायका तोंडाला पदर लावून हसल्या, माझी होणारी सासू जरा चिडलीच. पण अब्बांनी कागद हातात घेतला आणि वाचला. वाचून झाल्यावर तू इकडंतिकडं पाहिलंस, म्हणालीस, "पोरगी नोकरी करनार, हे बोलनं झालतं. ते यात कुठं हाय?" नव्हतंच ते. कोणाच्या मनात काही काळंबेरं होतं असं नाही, लिहायचं राहून गेलं होतं. काझीसाहेब भले माणूस, त्यांनी हसत हसत ओळ घातली. आणि तू पुन्हा विचारलंस, "कुनाची हरकत?" आणि शरबताचा पेला उचलून पूर्ण संपवलास.

पुढं माझ्या दोन बाळंतपणांत घरातून सूर निघाला की आता शाळा पुरे. तेव्हा माझ्या सासऱ्यांनीच सांगितलं, "वो भोकरवालीने सबके सामने पढवाई. अब नक्को बोलो कुछ." मी लातूरच्या शाळेतून सन्मानानं निवृत्त झाले, अनू. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज भेटली की पाया पडतात. त्यातले निम्मे नमस्कार तुझे आहेत. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तू लगेच चढून बसली असतीस.

तू नायब तहसीलदार झालीस, उपजिल्हाधिकारी झालीस, लातूरला प्रांत म्हणून बदलून आलीस. आमच्या घरी मागच्या दारानं यायचीस. लाल दिव्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी, आणि मॅडम ओट्यावर बसून शेंगा सोलतायत. तुझ्या हाताखालचे लोक तुला वचकून असायचे, आणि त्याहून जास्त तुझ्या पाण्याला. बैठकीत एखादा निर्णय सांगितलास की "हरकत?" म्हणून बाटली उघडायचीस. कार्यालयात त्याला "मॅडमचं पाणी" म्हणत, हे तुलाही ठाऊक होतं. एकानं मला सांगितलं, पहिल्या घोटाला सगळे गप्प, दुसऱ्याला चुळबुळ, आणि बाटली निम्मी झाली की कोणीतरी खरं बोलतंच.

आणि मग तुझे वडील गेले. आई आधीच गेली होती. तेराव्याला तुझ्या माहेरी मी होते. आपल्याकडची रीत ठरलेली. दिवस झाले की बहिणींनी तालुक्याला जाऊन हक्कसोडीवर सही करायची, भावानं भारीतली साडी नेसवायची, आणि माहेरचं दार उघडं ठेवायचं. माधवनं नांदेडहून साडी आणली होती, हिरवी, जरीची. किनवटला जायला जीप दारात उभी. तू साडी हातात घेतलीस, डोळ्यांना लावलीस आणि म्हणालीस, "साडी नेसते, दादा. सही करत न्हाई."

माधवला आधी ती थट्टाच वाटली. मग त्याचा चेहरा बदलला. "तुला काय कमी हाय? बंगला हाय, गाडी हाय. ह्या खडकाळ रानातलं काय नेनार हायेस तू?" तू म्हणालीस, "काडीसुदिक नेनार न्हाई. समदं तूच पेर, तूच काढ. नाव ऱ्हाऊ दे फकस्त." तो म्हणाला, "पीक तुझ्या मेहेरबानीवर खाऊ का मंग?" आणि ती साडी त्यानं तुझ्या हातातून परत घेतली. जीप रिकामीच गेली.

रात्री आपण दोघी ओसरीत पडलो होतो तेव्हा मी तुला सुनावलं. मी माझा हक सलीमला माफ केलाय, राजीखुशीनं केलाय, आणि आज भोकरला गेले की माझी भावजय माझ्यासाठी वेगळी खीर करते. एका सहीनं माहेर राहत असेल तर महाग काय आहे? तू माझ्याकडं कूस वळवलीस. मग म्हणालीस, "तू वाचून केलीस ना सही? मंग तुझी बरोबर हाय. मी पन वाचूनच करीन. पन मी केली की उद्या गावोगाव सांगतीन, प्रांतबाईनं केली, तू कोन मोठी लागून गेली? मी पारूबाईला काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, पारूबाई वारली असेल एव्हाना. तू म्हणालीस, "म्हून काय झालं?"

तिथून आपला वाद सुरू झाला, तो तुझ्या शेवटच्या दिवसापर्यंत. माधव भाऊबीजेला शेतात निघून जायचा. तू आरतीचं ताट घेऊन दारात थांबायचीस आणि भावजयीच्या हातचं पाणी पिऊन परत यायचीस. मग भोकरला येऊन सलीमला ओवाळायचीस. सलीमनं त्या एका दिवसासाठी कपाळावर टिळा लावून घ्यायची सवय करून घेतली, आणि दर दिवाळीला तो तुझ्यासाठी ब्लाऊजपीस स्वतः शिवून ठेवायचा. त्याचा तुला आनंदच व्हायचा, खोटं कशाला बोलू. पण ताट खाली ठेवताना तुझं लक्ष दाराकडं असायचं, हे मी पाहिलंय.

आयुक्त झाल्यावर तू काय केलंस? लोकांना वाटलं मोठमोठ्या योजना आणशील. तू आठही जिल्ह्यांत चावडीवाचन नीट करायला लावलंस. बाया पुढं बसवून. आणि एक वाचन ठेवलंस थेट तुझ्या गावात, इस्लापूरच्या पुढं. मला बरोबर नेलंस. बिचारा तलाठी! आयुक्त मॅडम समोर सतरंजीवर बसलेल्या, कलेक्टर घाम पुसतायत, आणि तो वाचत वाचत तुमच्या शेताच्या गटापाशी आला आणि अदबीनं गट गाळून पुढच्यावर गेला. साहेबांच्या घरचं चारचौघांत कसं वाचायचं, असं वाटलं असेल त्याला. तू हात वर केलास. "आमचा गट ऱ्हायला."

त्यानं वाचलं. माधवचं नाव, खाली तुझं नाव. तू स्वतःच विचारलंस, "हरकत असेल त्यानं उभं राहावं," आणि बाटली उघडलीस. सगळा गाव माधवकडं बघायला लागला. तो पाराच्या कडेला उभाच होता. तू पाणी प्यायलीस, तुझी नजर जमिनीवर. त्यानं टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि निघून गेला.

गाडीत मी तुझ्याशी कडाकडा भांडले. भावाचं भावाला घरात सांगायचं असतं, गावापुढं त्याला उभं करायचं नसतं. तू म्हणालीस, "दुसऱ्याचं मोठ्यानं वाचायचं अन् आपलं मनात?" मी म्हटलं, आधी घरी जाऊन त्याच्या ताटात जेवली असतीस, मग वाचायचं होतंस. अजूनही माझं तेच म्हणणं आहे, अनू. तू मेलीस म्हणून मी ते बदलणार नाही. सहस्रकुंडाचा फाटा गेल्यावर तू म्हणालीस, "तो एक शब्द बोलला असता ना, नसीम, तर मी तिथंच सही केली असती." आणि वाटभर रडलीस. ड्रायव्हरनं आरसा वर फिरवला.

नांदेडच्या दवाखान्यात ऑपरेशनचा कागद आणला तेव्हाही तू नर्सला सगळा मोठ्यानं वाचायला लावलास. वाचून झाल्यावर माझ्याकडं, सलीमकडं बघून म्हणालीस, "हरकत?" पाणी द्यायची मनाई होती. तू ओठ ओले करून घेतलेस, तेवढ्यातही थांबलीस. मला उठून म्हणायचं होतं, माझी आहे, मला हे काहीच मंजूर नाही. मी म्हटलं, "नाही गं, लवकर ये." तू आली नाहीस. अग्नी माधवनं दिला. सरळ स्मशानात आला, काम केलं आणि कोणाशी न बोलता इस्लापूरच्या एसटीत बसला.

म्हणून त्या फोननंतर मी घाबरले होते. तुझ्या मागं ना नवरा, ना मूल, म्हणजे तुझा हिस्सा कायद्यानं भावाकडंच जाणार. मला वाटलं, त्याला मला दाखवायचं असेल. बघा, शेवटी गेलं ना नाव. सलीमला म्हटलं, मी येत नाही. तो म्हणाला, "आपा, सरकारचं शेवटचं वाचन हाय. जायाला लागतं."

पाराजवळ सतरंजी होती. बाया पुढं बसल्या होत्या, कोणी न सांगता. माधव यावेळी कडेला नव्हता, सतरंजीवर मांडी घालून बसला होता, शेजारी बायको आणि लेक रेणुका. तलाठी नवा, तरुण. त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गाव मात्र तलाठीच म्हणतं. त्यानं तुमचा गट वाचला. अनुसया मयत, नाव कमी, वारस भाऊ. आणि म्हणाला, "हरकत असेल त्यानं उभं राहावं."

माधव उठला. "माझी हाय."

तलाठी गोंधळला. "दादा, तुमच्याच तर नावावर येऊन राहिलं."

"तेच तर. स्मशानातच लोक मला म्हनले, चला, मोकळा झाला तुझा सातबारा. जसं काय पोरगं झालं घरात!" त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "नाव होतं म्हून इतके वर्सं मी तिच्यासंग भांडत तरी होतो. आता कुनासंग भांडू? कमी नका करू नाव."

तलाठ्यानं हळू आवाजात सांगितलं की मयताचं नाव ठेवता येत नाही.  माधवनं लेकीकडं पाहिलं. "रेणे, उभी ऱ्हा." पोरगी उभी राहिली, ओढणी मुठीत धरून. "मंग तिच्या जागी हिचं लावा."

"दादा, आधी तुमच्या नावावर येईल. मग तालुक्याला जाऊन तुम्हाला बक्षीसपत्र करून द्यावं लागेल."

"करतो. उद्याच जातो. पन आज हितं तोंडानं वाचा. लिवायचं मागून लिवा. समद्याला ऐकू जाऊ द्या."

तलाठ्यानं माझ्याकडं पाहिलं, का ते मला ठाऊक नाही. मी मान हलवली. मग त्यानं मोठ्यानं वाचलं: माधव, आणि खाली रेणुका. भावजयीनं पिशवीतून काहीतरी काढून पोरीच्या खांद्यावर टाकलं. हिरवी साडी, जरीची, घडीवर पिवळी पडलेली.

"कोणाची हरकत?" तलाठ्यानं विचारलं, आणि बाजूची बाटली उघडली. अनू, त्यानं तुला कधी पाहिलंही नसेल. पण तो प्यायला सावकाश, घोट घोट करून, आणि सगळा गाव थांबला. मी त्या बाटलीकडंच बघत होते. पाणी संपलं. कोणीही उठलं नाही.